एक्स्प्लेनर : ‘काला नाग’ गेला कुठे? शंभर वर्षांपूर्वीचे मूक गुन्हेगारीपट कसे नष्ट झाले, थोडे कसे वाचले आणि लातूर-नांदेडला त्याचं काय?

रात्री जेवण झाल्यावर मोबाइल हातात घेतला की पहिल्या पाच शिफारशींत एक तरी खून असतोच. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही ओळ दिसली की बोट आपोआप तिथं जातं. ही आवड ओटीटीनं लावली असं अनेकांना वाटतं. पण शंभर वर्षांपूर्वीही मुंबईत हेच चालू होतं. फरक इतकाच, की तेव्हा पडद्यावर आवाज नव्हता आणि तेव्हाचे ते चित्रपट आज कुणालाच पाहता येत नाहीत.

ते गेले कुठे? अमेरिकेत अशाच चित्रपटांचं काय झालं? आणि लातूर-नांदेडमध्ये बसून आपण याची काळजी का करायची? समजून घेऊ.

शंभर वर्षांपूर्वीचा ‘ट्रू क्राइम’

1924 मध्ये मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीनं ‘काला नाग’ नावाचा मूकपट काढला. दिग्दर्शक होते कांजीभाई राठोड. मुंबईत गाजलेल्या चांपसी-हरिदास खून खटल्यावर तो बेतला होता. देव, राक्षस आणि पुराणकथा हेच चित्रपटांचे मुख्य विषय असण्याच्या त्या काळात शहरातला ताजा गुन्हा पडद्यावर आला.

पुढच्याच वर्षी त्याहून मोठं प्रकरण घडलं. 12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याची मोटार अडवण्यात आली आणि त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्यासोबत इंदूरच्या दरबारातून निघून आलेली मुमताज बेगम होती. हल्लेखोरांना तिला पळवून न्यायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी नेमके तिथं पोहोचले म्हणून ती वाचली. तपासाचे धागे इंदूरपर्यंत गेले आणि 1926 मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांना गादी सोडावी लागली.

या प्रकरणावर बेतलेला ‘कुलीन कांता’ हा मूकपट 1925 मध्येच आला. तोही कोहिनूरचाच. दिग्दर्शक होमी मास्टर. म्हणजे गुन्हा घडल्याच्या वर्षातच त्याचा चित्रपट! आजच्या वेबसीरिजवाल्यांनाही हा वेग सहज जमत नाही.

या दोन्ही चित्रपटांची रिळं आज उपलब्ध नाहीत. त्यांची नावं, कलाकार आणि विषय आपल्याला कळतात ते कागदावर राहिलेल्या नोंदींमधून. चित्र मात्र गेलं.

‘सावकारी पाश’ही गेला

आपल्या भागाला जास्त जवळचं उदाहरण कोल्हापूरचं आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावलेला शेतकरी गाव सोडून शहरात मजुरीला जातो, अशी त्याची कथा. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. खुनाचा थरार यात नव्हता, पण जमीन लुबाडली जाणं हाही गुन्हाच. मराठवाड्यात ही गोष्ट कुणाला वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

पेंटर यांनी 1936 मध्ये हीच कथा पुन्हा बोलपट म्हणून केली. मूळ मूकपट मात्र हरवला. भारतीय शेतकऱ्याचं कर्जबाजारीपण पडद्यावर गंभीरपणे दाखवणाऱ्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक आपण पाहूच शकत नाही.

आकडे काय सांगतात?

भारतात मूकपटांच्या काळात सुमारे 1,300 चित्रपट बनले. त्यातले आज जेमतेम तीस उरले आहेत, आणि त्यातल्याही अनेकांचे फक्त तुकडे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (1913) चार रिळं होती. त्यातलं पहिलं आणि शेवटचं तेवढं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. तीही 1913 ची की फाळके यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. देशाच्या पहिल्या कथापटाची ही अवस्था, तर ‘काला नाग’ कोण सांभाळणार?

अमेरिकेकडे पैसा होता, स्टुडिओ होते. तरी तिथलं चित्रही फार वेगळं नाही. तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी डेव्हिड पिअर्स यांनी केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार 1912 ते 1929 दरम्यान अमेरिकन कंपन्यांनी 10,919 पूर्ण लांबीचे मूकपट प्रदर्शित केले. त्यातले फक्त 1,575, म्हणजे 14 टक्के, मूळ स्वरूपात पूर्ण टिकले आहेत. आणखी सुमारे 11 टक्के परदेशी आवृत्तीत किंवा कमी दर्जाच्या प्रतीत सापडतात. बाकीचे एक तर अपुरे आहेत किंवा पूर्ण हरवले आहेत.

अमेरिकेचं उदाहरण घेण्याचं आणखी एक कारण आहे. त्या काळात मुंबईच्या थिएटरांत लागणाऱ्या चित्रपटांचा मोठा हिस्सा अमेरिकन होता. पाठलाग, दरोडे, गुप्तहेर आणि मालिकापट पाहायला लोक गर्दी करायचे. आपल्या गुन्हेगारीपटांचं आणि थरारपटांचं वळण त्यातूनही घडलं. दोन्हीकडे रीळही एकाच पदार्थाचं होतं आणि त्याचा धोकाही एकच.

रीळ पेट कसं घेतं?

त्या काळातली फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसाच्या धाग्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की हा पदार्थ तयार होतो. बंदुकीच्या धूररहित दारूचा तो जवळचा नातेवाईक. चित्र अतिशय सुंदर दिसायचं, पण दोन मोठे दोष होते.

पहिला दोष आगीचा. नायट्रेट जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडतं. त्यामुळे पेटलेलं रीळ पाण्यात बुडवलं तरी विझत नाही, आणि धूरही विषारी.

दुसरा दोष जास्त फसवा. हे रीळ नुसतं ठेवलं तरी सडतं. त्यातून बाहेर पडणारे नायट्रोजनचे वायू दमट हवेत आम्ल बनवतात आणि ते आम्ल उरलेल्या फिल्मला आणखी वेगानं खातं. आधी चित्र फिकट होतं, मग पट्टी चिकट होते, फेस येतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. असं सडलेलं रीळ 41 अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानात बराच काळ राहिलं तर आपोआप पेट घेऊ शकतं. लातूर-नांदेडचा मे महिना आठवा. पत्र्याच्या खोलीत 41 अंश ही आपल्याकडे बातमीसुद्धा होत नाही.

अमेरिकेत 9 जुलै 1937 रोजी न्यू जर्सीतल्या लिट्ल फेरी इथं उन्हाळ्याच्या लाटेत फॉक्स कंपनीची फिल्म कोठी पेटली. त्या कंपनीचे बहुतेक मूकपट एका दिवसात संपले. 1965 मध्ये एमजीएमच्या कोठीला आग लागली. लॉन चेनीची भूमिका असलेल्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ या 1927 च्या रहस्यपटाची शेवटची ज्ञात प्रत त्यातच गेल्याचं मानलं जातं.

पुण्यातही हे घडलं. 8 जानेवारी 2003 रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, प्रभातच्या काळातल्या कोठीला आग लागली. तिथं राष्ट्रीय संग्रहालयाची नायट्रेट रिळं ठेवली होती. सहाशेहून अधिक चित्रपटांची पाच हजारांहून जास्त रिळं जळाली.

सगळा दोष आगीचा आहे का?

नाही. जास्त चित्रपट माणसांच्या हातानं गेले. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि मूकपटाला विचारणारं कुणी उरलं नाही. जुनी रिळं जागा अडवत होती, विमा महाग होता आणि पुन्हा दाखवून पैसे मिळणार नव्हते. फिल्मवरच्या थरात चांदी असते. ती काढून घेण्यासाठी रिळं विकली गेली. उरलेल्या पट्टीतून बांगड्यांसारख्या वस्तू बनायच्या. ज्या ‘आलम आरा’नं मूकपटांना मागे टाकलं, तोही आज हरवलेला आहे.

तेव्हाच्या निर्मात्यांना दोष देणं सोपं आहे. त्यांच्या दृष्टीनं चित्रपट हा नाशवंत माल होता, आठवडा संपला की शिळा. आपण तरी कालच्या इन्स्टा स्टोरीकडे वेगळ्या नजरेनं पाहतो का?

मग जे वाचलं, ते कसं वाचलं?

अमेरिकन गुन्हेगारीपट तीन विचित्र वाटांनी वाचले.

पहिली वाट, सरकारी कागद. 1912 पूर्वी अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्यात चित्रपट हा प्रकारच नव्हता. छायाचित्रांना मात्र संरक्षण होतं. म्हणून कंपन्या चित्रपटाची प्रत्येक चौकट लांबलचक कागदी गुंडाळीवर छापायच्या आणि ‘छायाचित्रं’ म्हणून सरकारजमा करायच्या. सुमारे तीन हजार चित्रपटांच्या अशा गुंडाळ्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिल्या. कागद सडला नाही, पेटला नाही. पुढे त्यावरून पुन्हा फिल्म बनवण्यात आली. शेरलॉक होम्सचा पहिला ज्ञात चित्रपट ‘शेरलॉक होम्स बॅफल्ड’ हा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. तो याच कागदामुळे वाचला. 1912 नंतर कायदा बदलला, चित्रपटाला स्वतःचं संरक्षण मिळालं आणि कागदी प्रतीची गरज संपली. नायट्रेटची प्रत नोंदणीसाठी यायची, पण आगीच्या भीतीनं ती कंपनीला परत दिली जायची. कायदा आधुनिक झाला आणि चित्रपट हरवू लागले.

दुसरी वाट, बर्फ. कॅनडातलं डॉसन सिटी हे चित्रपट वितरणाच्या वाटेवरचं शेवटचं गाव. तिथून रिळं परत पाठवणं परवडायचं नाही. 1929 मध्ये जुनी रिळं एका बंद पडलेल्या जलतरण तलावात भराव म्हणून टाकली गेली. 1978 मध्ये बांधकामासाठी खोदताना ती सापडली. पाचशेहून जास्त रिळं गोठलेल्या जमिनीनं सांभाळली होती.

तिसरी वाट, परका देश. विल्यम जिलेट या नटाचा 1916 चा ‘शेरलॉक होम्स’ जवळपास शतकभर हरवलेला होता. 2014 मध्ये तो पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेझच्या कोठीत सापडला. आपल्यालाही या वाटेचा फायदा झाला आहे. 1919 च्या ‘बिल्वमंगल’ची उरलेली 594 मीटर फिल्म याच संस्थेकडे निघाली आणि 2016 मध्ये तिची डिजिटल प्रत पुण्याला आली.

तिन्ही वाटांत एक गोष्ट समान आहे. मुख्य कार्यालयातली प्रत गेली, आडबाजूची प्रत राहिली. डॉसन सिटीला चित्रपट इतिहासात काहीच स्थान नव्हतं. लातूर-नांदेडच्या वाचकांनी ही ओळ लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

आपल्याकडे कुणी धडपड केली?

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यात फेब्रुवारी 1964 मध्ये झाली. तोपर्यंत बहुतेक मूकपट संपले होते. पुढच्या वर्षी पी. के. नायर तिथं रुजू झाले आणि 1991 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे 12 हजार चित्रपट जमवले. फाळक्यांची रिळं मिळवण्यासाठी ते नाशिकला त्यांच्या कुटुंबीयांकडे गेले. ‘कालिया मर्दन’ (1919) आज जवळपास पूर्ण पाहता येतो, तो अशा धडपडीमुळे.

मूक थरारपटांतला 1931 चा ‘दिलेर जिगर’ही टिकला. तलवारबाजीच्या या चित्रपटात अंबू नावाची तरुण नायिका आहे. पुढे तिला देशानं ललिता पवार म्हणून ओळखलं; ‘रामायण’ मालिकेतली मंथरा. एक रीळ टिकलं की असा माणूस पुन्हा तरुण दिसतो.

मोबाइलमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे ना?

इंजिनीअरिंग केलेला माणूस म्हणून मलाही आधी हेच वाटायचं. मग एक दिवस घरात आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट काढली. टेपवर पांढरी बुरशी होती. ती लावून पाहायला गल्लीत एकाही घरी व्हीसीआर उरला नव्हता. वीसेक वर्षांपूर्वी तिच्यावरून करून घेतलेली सीडी होती, तीही संगणक वाचेना. लग्नात नाचलेले माझे आजोबा आता नाहीत, आणि ते नाचताना दिसणारी ती दोन-तीन मिनिटंही बहुधा नाहीत.

डिजिटल फाइल सडत नाही, पण ती ज्यावर ठेवली आहे ती वस्तू बिघडते. हार्ड डिस्क काही वर्षांत दगा देते. पेन ड्राइव्ह हरवतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि मूळ दर्जा परत येत नाही. फाइलचा प्रकार जुना झाला की उघडणारं सॉफ्टवेअर मिळत नाही. ओटीटीवरचा चित्रपट तर करार संपला की एका रात्रीत गायब होतो. नायट्रेटचं रीळ सडायला काही दशकं लागायची. सोबत धूर, वास, भुकटी अशी सूचना तरी मिळायची. फाइल काही न सांगता जाते.

लातूर-नांदेडचा संबंध कुठे येतो?

‘काला नाग’ मुंबईत लागला तेव्हा लातूर आणि नांदेड निजामाच्या राज्यात होते. इथं चित्रपट पुढे पोहोचला तो टुरिंग टॉकीजच्या तंबूतून आणि एकपडदा थिएटरांतून. जत्रेच्या मैदानावर तंबू, मागं प्रोजेक्टर, समोर बाया-माणसं वेगवेगळी बसलेली. साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. वितरणाच्या वाटेवरची शेवटची गावं ती हीच. आपल्या मराठी सिनेमाची डॉसन सिटी असलीच तर ती अशाच कुठल्या तरी माळवदावर, बंद थिएटरच्या खोलीत किंवा तंबूवाल्या कुटुंबाच्या कोठाराच्या कोपऱ्यात असणार. मूकपट सापडेल अशी खोटी आशा नको. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे मराठी बोलपट, वार्तापट, गावच्या सोहळ्याची कुणी चित्रित केलेली 16 मिलिमीटरची फिल्म हे नक्की असू शकतं.

असा डबा हाती लागला तर एवढं करा :

• भंगारात देऊ नका आणि प्रोजेक्टरवर चालवूनही पाहू नका. आकसलेली पट्टी पहिल्याच फेरीत फाटते.

• पट्टीची कड पाहा. इंग्रजीत ‘सेफ्टी’ असं छापलेलं असेल तर ती सहज न पेटणारी फिल्म आहे. 1950 च्या दशकापासूनची फिल्म साधारणपणे याच प्रकारची असते.

• डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर सेफ्टी फिल्म सडू लागली आहे. ती इतर रिळांपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.

• 35 मिलिमीटरची त्याआधीची जुनी फिल्म असेल, चिकट झाली असेल किंवा तपकिरी भुकटी दिसत असेल तर जवळ काडीसुद्धा ओढू नका. घरात ठेवू नका, स्वतः गाडीत टाकून नेऊ नका. अग्निशमन दलाला आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.

• डब्यावरची चिठ्ठी, पोस्टर, तिकिटं, सेन्सॉरचं प्रमाणपत्र फेकू नका. ‘काला नाग’बद्दल आज जे कळतं ते कागदामुळेच.

• घरच्या कॅसेटची डिजिटल प्रत या वर्षीच करून घ्या. तीन प्रती ठेवा : दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे. वर्षातून एकदा तिन्ही उघडून पाहा.

आमचं म्हणणं

पैसा अजिबात येत नाही असं नाही. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेअंतर्गत 2022 मध्ये सुमारे 2,200 चित्रपटांच्या जतनासाठी 363 कोटी रुपयांचं काम जाहीर झालं. पण जे संग्रहालयात पोहोचलं आहे त्याचंच जतन होऊ शकतं. जे पोहोचलंच नाही त्याचं काय?

यासाठी दोन गोष्टी हव्यात. पहिली कायद्याची. पुस्तक छापलं की त्याची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. त्यासाठी 1954 चा कायदा आहे. प्रत्येक चित्रपटाची मूळ दर्जाची प्रत राष्ट्रीय संग्रहालयात कायमच्या जतनासाठी जमा झालीच पाहिजे, असा तितकाच स्पष्ट कायदा चित्रपटासाठीही हवा. अमेरिकेतल्या कागदी गुंडाळ्या कलेच्या प्रेमापोटी जमा झाल्या नव्हत्या, नियम होता म्हणून जमा झाल्या. वाचवणारं काम त्या नियमानं केलं.

दुसरी गोष्ट मराठवाड्याची. लातूरहून पुण्याला रात्रभराचा प्रवास आहे. जुना डबा घेऊन कुणी तंबूवाला स्वतःच्या खर्चानं तिथं जाणार नाही. संग्रहालयानं आणि राज्य सरकारनं वर्षातून एकदा लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी संकलन शिबिर घ्यावं. विद्यापीठांनी त्यासाठी एक खोली आणि दोन विद्यार्थी द्यावेत. सिद्धेश्वर यात्रेत किंवा माळेगावच्या यात्रेत एक टेबल मांडलं तरी सुरुवात होईल. तंबू जिथं लागायचे, तिथंच विचारायला हवं.

हे लवकर व्हायला हवं, कारण रिळांसोबत माणसंही जात आहेत. कुठला डबा कुठे ठेवला आहे हे ज्यांना माहीत आहे, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. येत्या मे महिन्यातही पत्र्याखाली पारा चाळिशी ओलांडणारच आहे. त्याआधी एकदा माळ्यावर चढून पाहा.